डोक्याला मार आणि मागाहून येणारा कंप

आपल्या वस्तीत, विहारात किंवा कामाच्या ठिकाणी एखादा माणूस झोकांड्या देत चालू लागला, त्याचा हात थरथरू लागला, की पाहणाऱ्याच्या तोंडी पहिला शब्द येतो तो 'पिऊन आला' हाच. पंचशीलातील पाचवे शील मद्यापासून दूर राहण्याचे आहे आणि १९५६ साली नागपूरला प.पू. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. त्यामुळे हा आरोप आपल्यात साधा राहत नाही, तो माणसाच्या शीलावरच जातो. परंतु झोकांडीचे कारण दरवेळी बाटलीत नसते. कधी ते काही महिन्यांपूर्वी मोटारसायकलवरून किंवा बांधकामाच्या परांचीवरून पडल्यात असते. आम्ही काही वैद्य नव्हे, तरी वाचून समजून घेतलेली ही माहिती उपासक-उपासिकांपुढे ठेवीत आहोत.

वैद्यकशास्त्रातही या आजाराचे एक जुने नाव याच समजुतीतून आले. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातले डॉ. हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ साली मुष्टियोद्ध्यांवर एक लेख प्रसिद्ध केला. पाय ओढणारा, मंद झालेला, हात कापणारा, चेहरा मुखवट्यासारखा झालेला जुना खेळाडू दिसला की शौकीन त्याला 'ठोसे खाऊन झिंगलेला' म्हणत. डॉक्टरांनी तोच शब्द लेखाला मथळा म्हणून दिला. झिंग दारूची नव्हती, वर्षानुवर्षे डोक्यावर बसलेल्या ठोशांची होती. मुहम्मद अली यांची शेवटची लढत १९८१ साली झाली. १९८४ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी, त्यांना कंपवाताचे निदान झाले. १९९६ साली अटलांटा येथे ऑलिंपिकची ज्योत पेटविताना त्यांचा कापणारा हात साऱ्या जगाने पाहिला. त्यांच्या आजारात ठोशांचा वाटा किती, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही.

आता एकाच जबर माराचे पाहू. वेगातले डोके एकदम थांबते, पण कवटीच्या आतला मेंदू थांबत नाही. तो हिसक्याने फिरतो आणि आतले बारीक तंतू ताणले जातात, तुटतात. हालचालींना वळण लावणारी केंद्रे मेंदूच्या खोल भागात आहेत. तेथपर्यंत इजा पोहोचली की कोणाचा हात कापतो, कोणाची मान किंवा पाऊल पिळवटून एका बाजूस ओढले जाते, कोणाच्या हालचाली मंद होतात. साध्या टेंगळाने असे सहसा होत नाही. जबर मार बसलेल्यांपैकी काहींनाच होते.

यात सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे काळ. कंप पुष्कळदा मारानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी सुरू होतो. स्नायू पिळवटण्याचा प्रकार तर वर्षांनीही येतो. तोवर टाके सुकलेले असतात, माणूस कामावर रुजू झालेला असतो, आणि त्या पडण्याशी कोणी संबंध जोडीत नाही. मग कोणी सोंग म्हणतो, कोणी करणी म्हणतो, अंगारा आणतो. प्रतिज्ञा घेतलेल्या घरात तरी अंगारा यायला नको.

वृद्धांच्या बाबतीत एक गोष्ट तातडीची आहे. न्हाणीघरात पाय घसरून लागलेला किरकोळ मारही त्यांना पुरतो. कवटीच्या आत, मेंदूच्या वर रक्त हळूहळू साचत जाते आणि काही आठवड्यांनी आजोबा सुस्तावतात, पाय घासत चालतात, बोलताना चुकतात. घरचे म्हणतात, वय झाले. सी.टी. स्कॅनमध्ये हे रक्त दिसते, आणि कवटीला छिद्र पाडून ते वेळेवर काढले तर पुष्कळजण पुन्हा नीट चालू लागतात. दारू पिणाऱ्यालाही हा धोका अधिक असतो. म्हणजे ज्याच्याविषयी 'पिऊन आला' हे खरे असते, त्याच्याही डोक्याची तपासणी टाळता येत नाही.

डॉक्टरांकडे जाताना अपघाताची तारीख, शुद्ध किती वेळ हरपली होती ते, दवाखान्याचे जुने कागद आणि चालू असलेल्या सर्व गोळ्या न्याव्यात. उलटी थांबविणाऱ्या काही औषधांनीही मान वाकडी होते किंवा हात कापतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. कंप कमी करणाऱ्या गोळ्या आहेत, पण शेजाऱ्याची गोळी घेऊ नये; त्यातली प्रोप्रॅनॉलॉल दमेकऱ्याला घातक ठरू शकते. पिळवटलेल्या स्नायूत बोट्युलिनमचे इंजेक्शन देतात. गोळ्यांना दाद न देणाऱ्या निवडक रुग्णांच्या मेंदूत तारा बसविण्याची शस्त्रक्रियाही होते. सर्वांनाच पूर्ण गुण येतो असे नाही.

आणखी एक गोष्ट आमच्या बँकेच्या कामातली. हात कापू लागला की सही जुळत नाही, आणि काउंटरवर माणूस संशयित ठरतो. आजाराने सही करता येत नसेल तर अंगठा चालतो. त्यासाठी बँकेच्या ओळखीचे दोन साक्षीदार लागतात आणि त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. सही करता येते पण बदलली आहे, अशांनी शाखेत अर्ज करून सहीचा नवा नमुना द्यावा.