संघ, चिटणीस आणि दप्तर : व्यापारी संघटनांच्या व्यावसायिक व्यवस्थापनाचा भाषिक विचार

तमिळ काव्यपरंपरेचा आरंभकाळ ज्या शब्दाने ओळखला जातो, तो ‘संगम्’ हा शब्द तमिळनाडूतील व्यापाऱ्यांच्या संघटनाही आपल्या नावात योजतात. मराठीतील ‘संघ’ हा त्याचाच सगोत्र. कवींच्या आणि वणिकांच्या सभेला एकच नाव असावे, हे अर्थपूर्ण आहे. अनेकांच्या बोलण्याला एक टिकाऊ रूप देणे, हे दोन्ही सभांचे कार्य होय. मात्र कवींच्या सभेचे वाङ्मय अभ्यासिले जाते. व्यापाऱ्यांच्या सभेची इतिवृत्ते, निवेदने आणि अहवाल साहित्याभ्यासाच्या कक्षेबाहेर राहतात. हे लेखन कोण करतो आणि ते मोबदला घेणाऱ्या व्यावसायिक कार्यालयाकडे गेल्यास त्याचे काय होते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या विचारासाठी चेन्नईतील टी. नगर हे उचित स्थळ आहे. १९२० नंतरच्या दशकात तलावाची जमीन भरून वसविलेल्या या वस्तीला सर पिट्टी त्यागराय चेट्टी (१८५२–१९२५) यांचे नाव देण्यात आले. जस्टिस पक्षाचे नेते म्हणून ते सर्वश्रुत आहेत; परंतु १९०९ मध्ये स्थापन झालेल्या सदर्न इंडिया चेंबर ऑफ कॉमर्सचे ते पहिले अध्यक्षही होते. १८३६ पासून मद्रास चेंबर ऑफ कॉमर्स ही युरोपीय व्यापाऱ्यांची संस्था सरकारदरबारी बोलत होती. देशी व्यापाऱ्यांना स्वतःचा आवाज हवा होता. रंगनाथन स्ट्रीट आणि पाँडी बाजार यांच्यासाठी प्रसिद्ध असलेली ही पेठ अशा रीतीने एका व्यापारी संघटनेच्या धुरीणाचे नाव मिरविते.

संघटनेला आवाज लागतो, तसे दप्तरही लागते. नहपानाचा जावई उषवदात याच्या नाशिक येथील शिलालेखातून हे स्पष्ट होते. त्याने ३,००० कार्षापणे गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेविली : २,००० दरमहा शेकडा एक व्याजाने आणि १,००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यावयाचे नव्हते. केवळ व्याजातून भिक्षूंचा खर्च भागवावयाचा होता. हा व्यवहार निगमसभेत ऐकविला गेला आणि रीतीप्रमाणे फलकावर नोंदविला गेला, असेही लेख सांगतो. व्यक्ती जाईल पण श्रेणी राहील, हा विश्वास त्यामागे आहे. आणि त्या विश्वासाला आधार आहे तो जाहीर वाचनाचा व लेखी नोंदीचा.

आधुनिक संघटनेत हाच आधार डळमळीत असतो. अध्यक्ष व मानद चिटणीस ठरावीक मुदतीसाठी निवडले जातात. चिटणीसाचे दुकान हेच कार्यालय, आणि दुकानातील कपाट हेच दप्तर. मुदत संपली की कपाट बदलते आणि मागची इतिवृत्ते गहाळ होतात. दुसरीकडे कायद्याची अपेक्षा वाढत जाते. तमिळनाडूत नोंदणीकृत संस्थांना १९७५ चा अधिनियम लागू आहे; त्यानुसार सभासदांची नोंदवही, हिशेब, वार्षिक सभा आणि विवरणपत्रे ही सारी बंधने येतात.

या अडचणीवरील उपाय म्हणून व्यावसायिक व्यवस्थापनाची पद्धत पुढे आली. अमेरिकेत व्यापारी संघटनांच्या पगारी कार्यवाहांनी १९२० मध्ये स्वतःचीच संघटना उभारली. १९४९ मध्ये शिकागोत स्थापन झालेली स्मिथ बकलिन ही संस्था अनेक संघटनांचे काम एकाच छत्राखाली पाहू लागली. अशा व्यवस्थेत वर्गणी, हिशेब, सभा, निवडणुका, प्रदर्शने व मुखपत्र यांची जबाबदारी करारान्वये कार्यालयाकडे जाते. धोरण ठरविणे कार्यकारिणीकडेच राहते. जागा व कर्मचारी यांचा खर्च अनेक संघटनांत वाटला जात असल्याने लहान संघटनेलाही कुशल मनुष्यबळ लाभते.

येथे शब्दांची तुलना उद्बोधक ठरते. इंग्रजीतील ‘सेक्रेटरी’च्या मुळाशी गुपित आहे, मराठी ‘चिटणीस’ हा चिठ्ठ्या लिहिणारा, ‘कार्यवाह’ कार्य वाहून नेणारा, तर तमिळ ‘सेयलाळर’ हा ‘सेयल’ म्हणजे कृती करणारा. गुप्तता, लेखन, वहन आणि कृती या चारही जबाबदाऱ्या व्यवस्थापन संस्था एका करारात स्वीकारते. त्यांतील कृती विकत घेता येते. लेखन मात्र तितक्या निर्धास्तपणे सोपविता येत नाही. एकच कार्यालय दहा संघटनांची निवेदने लिहू लागले की त्यांचा मसुदा एकसाची होतो, आणि तो बहुधा इंग्रजीत असतो. कापडवाल्याची तक्रार व भांडीवाल्याची तक्रार यांतील भेद पुसला जातो.

याच्या उलट उदाहरण पुण्याचे. आ. रा. भट यांच्या पुढाकाराने १९३४ मध्ये स्थापन झालेल्या मराठा चेंबरने ‘संपदा’ हे मराठी मासिक चालविले. उद्योगव्यापाराचा विचार मराठीत मांडण्याची सवय अशा नियतकालिकांनी लाविली. ग्रंथव्यवहारात तर हा प्रश्न साहित्यालाच भिडतो. चेन्नईचा ग्रंथमेळा १९७७ पासून दक्षिण भारतातील पुस्तकविक्रेते व प्रकाशक यांची संघटना भरविते. दालन कोणाला व कोणत्या अटींवर मिळावे, हा वरवर कारकुनी वाटणारा निर्णय लहान प्रकाशकाच्या, आणि म्हणून नव्या कवीच्याही, भवितव्याशी निगडित असतो.

आणखी एक विषमता ध्यानात घेतली पाहिजे. २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमान्वये नगर विक्रय समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असावे लागतात. पदपथावरील विक्रेता अशा रीतीने सभेत पोहोचतो. पण समोरच्या मोठ्या दुकानदारांच्या संघटनेपाशी पगारी लेखणी असेल, तर त्याच्यापाशी ती नसते. सभेत बसण्याचा हक्क कायदा देतो. मसुदा लिहिण्याचे सामर्थ्य देत नाही.

यास्तव व्यावसायिक व्यवस्थापन त्याज्य नसले, तरी त्याला दोन अटी असाव्यात. दप्तराची मालकी संघटनेकडेच राहावी आणि करार संपताच ते अखंड परत यावे. इतिवृत्त सभासदांच्या भाषेत लिहिले जावे व सभेत वाचून दाखविले जावे. उषवदाताच्या काळच्या निगमसभेने दोन्ही गोष्टी पाळल्या होत्या. ज्या संघटनेचे इतिवृत्त तिच्या सभासदाला वाचता येत नाही, तिचे कार्यालय कितीही व्यवस्थित चालले, तरी तिचा आवाज तिचा राहिलेला नसतो.