पुष्कळ मालमत्ता असलेला मनुष्य आणि आमची जमीन

शास्त्रपाठ : मार्क १०:१७–३१. ताडून पाहावे : लूक ९:२३, लूक १९:१–१०, प्रे. कृ. ५:१–४.



ह्या पाठातील मनुष्य दुष्ट नव्हता. तो प्रभूकडे धावत आला, त्याने गुडघे टेकले, व सार्वकालिक जीवनाविषयी प्रश्न केला. बाळपणापासून आपण आज्ञा पाळीत आलो आहो, असे त्याने सांगितले. प्रभूने त्यास खोटे ठरविले नाही; उलट त्याजकडे पाहून त्याजवर प्रीती केली, असे मार्क लिहितो. तरीही तो खिन्न होऊन निघून गेला, कारण त्याची मालमत्ता फार होती. मालमत्तेस मार्काने जो मूळ ग्रीक शब्द योजिला आहे, तोच हनन्याच्या वृत्तांतात येतो (प्रे. कृ. ५:१), आणि दोनच वचनांनंतर ती मालमत्ता म्हणजे जमीन होती हे स्पष्ट होते. तेव्हा ह्या मनुष्याचा जीवही जमिनीत अडकला असावा, असे समजणे गैर होणार नाही.

अंबरनाथ व बदलापूर ह्यांच्या आसपासच्या मंडळ्यांनी हा पाठ विशेष लक्षपूर्वक वाचावा. जेथे भातखाचरे होती तेथे आता इमारती उभ्या आहेत. बाप भाताच्या खंडी मोजीत असे. मुलगा गुंठ्याचा भाव मोजतो. जमीन विकणे हे पाप नव्हे. परंतु पैसा हाती येतो त्या दिवशी मनुष्याचे अंतःकरण उघडे पडते. म्हणून तीन गोष्टींचा विचार करू.

१. गमावणे आणि सोडणे ही एक नव्हेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळी कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांस तेथे आसरा मिळाला, आणि १९४९ साली त्या वस्तीस उल्हासनगर हे नाव मिळाले. त्या लोकांची घरे, शेते, दुकाने मागे राहिली. त्यांचे दुःख मोठे होते, व पुढे त्यांनी केलेला उद्योग वाखाणण्याजोगा आहे. तथापि ह्या हानीस आत्मत्याग म्हणता येत नाही. कारण त्यांनी ते सोडले नाही, ते त्यांच्याकडून सुटले. त्याचप्रमाणे केवळ दारिद्र्य म्हणजे आत्मत्याग नव्हे. पाच गुंठ्यांवरही मनुष्याचा जीव पाचशे गुंठ्यांइतकाच जडू शकतो. लूक ९:२३ मध्ये प्रभू जो वधस्तंभ सांगतो, तो शिष्याने आपण होऊन व दररोज उचलावयाचा आहे.

२. आपल्या त्यागाचे मोल कोण देतो? रे. नारायण वामन टिळक ह्यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली व साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. हा त्याग खरा होता. मराठी ख्रिस्ती मंडळीने तो विसरू नये. परंतु लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचणारास हेही कळते की टिळक हाती असेल ते देऊन टाकीत, आणि संसाराची ओढाताण लक्ष्मीबाईंस सोसावी लागे. हे आम्ही दोष देण्यासाठी सांगत नाही. मी देतो तेव्हा उपाशी कोण राहतो, हा प्रश्न प्रत्येक दात्याने स्वतःस विचारावा, एवढेच सांगणे आहे.

३. बहिणीचा वाटा. जमीन विकावयाची वेळ येते तेव्हा भाऊ बहिणीकडे जातो. “ताई, तुला तुझ्या घरी काय कमी आहे? हक्कसोडपत्रावर एवढी सही कर,” असे म्हणतो. पुष्कळदा त्यास त्यागाचे नावही दिले जाते. पण येथे त्याग कोण करीत आहे? प्रभूने ज्याच्याजवळ पुष्कळ होते त्यास सोडावयास सांगितले. आम्ही मात्र जिच्याजवळ थोडे आहे तिला सांगतो. मत्तय व लूक ह्यांनीही हा वृत्तांत दिला आहे. परंतु कोणास ठकवू नये ही आज्ञा त्या मनुष्यासमोर ठेवलेली एकट्या मार्कातच आढळते. (मार्क १०:१९ पाहा.)

ह्या देशाचा कायदाही ध्यानी घ्यावा. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे ख्रिस्ती मनुष्य मृत्युपत्र न करिता वारला, तर त्याच्या विधवेस एक तृतीयांश मिळतो, व उरलेले मुलगे आणि मुली ह्यांस सारखे मिळते. समजा, जमीन ३६ गुंठे आहे. मागे विधवा, दोन मुलगे व एक मुलगी आहेत. आईचे १२ गुंठे, आणि प्रत्येक लेकराचे ८. मुलगी विवाहित आहे म्हणून तिचे आठ गुंठे कमी होत नाहीत.

कोणी म्हणेल, “बहीण आनंदाने देते.” ठीक आहे. मग तिचा वाटा किती व त्याची किंमत काय, हे तिला आधी आकड्यांत सांगावे. विचार करावयास वेळ द्यावा. लग्नाच्या गडबडीत किंवा शोकाच्या दिवसांत कागद पुढे करू नये. त्यानंतरही तिने दिले तर ते तिचे दान होय. बहिणीच्या वाट्यातून दशमांश काढून जो मंडळीत आणतो, तो परक्याचे धन देवापुढे ठेवितो. जक्कयाने गरिबांस अर्धे दिले, आणि ज्यांचे घेतले होते त्यांस चौपट परत करावयाचे कबूल केले. त्या दिवशी त्याने दुसऱ्या कोणाचा हात धरून सही घेतली नाही.

एक शंका. सर्व विकण्याची आज्ञा आम्हां प्रत्येकास आहे काय? जक्कयाकडून प्रभूने सर्व मागितले नाही. हनन्यासही पेत्राने सांगितले की जमीन त्याची होती व तिचे मोलही त्याच्या स्वाधीन होते. म्हणून सर्वांस एकच माप लावू नये. पण जे द्यावयाचे म्हटले की मन मागे सरते, तेच प्रभू बहुधा आमच्याजवळ मागत असतो. त्या मनुष्याने तेवढेच दिले नाही, आणि इतक्या प्रीतीने पाहणाऱ्या प्रभूस सोडून तो गेला.

सुवार्तिकांनी पुढील प्रश्न मंडळीत विचारावे :

(१) गमावणे व सोडणे ह्यांतील भेद आपल्या गावातील उदाहरणाने सांगा.
(२) आपल्या घरच्या सातबाऱ्यावर कोणाकोणाचे नाव आहे? कोणाचे असावयास हवे होते?
(३) वचन २९ व ३० ह्यांत शेतांचा उल्लेख कोणत्या वचनाबरोबर व कोणत्या इशाऱ्याबरोबर आला आहे?

प्रार्थना : हे प्रभू, जे दुसऱ्याचे आहे ते परत करावयास आम्हांस धैर्य दे, आणि जे आमचे आहे ते तुझ्यासाठी सोडावयास आनंद दे. आमेन.