खुळखुळ्याच्या रानटी जाती कशा ओळखाव्यात?

पावसाळा सरत आला की बांधावर, पडीक माळावर व रस्त्याच्या कडेस पिवळ्या पतंगाकृती फुलांची जी झुडपे दिसू लागतात, त्यांपैकी पुष्कळांना आपल्याकडे सरसकट ‘खुळखुळा’ म्हणतात. वाळलेली शेंग हलविली असता आत सुटे झालेले बी वाजते, म्हणून हे नाव पडले. तथापि एका नावाखाली अनेक जाती मोडतात. त्यांचे गुणधर्म सारखे नसल्यामुळे ग्रामसेवकांनी व शेतकरी बंधूंनी त्या निरनिराळ्या ओळखणे अगत्याचे आहे.

याचे कारण केवळ वनस्पतिशास्त्रीय कुतूहल नव्हे. सरगुजा जिल्ह्यात (तेव्हाचे मध्य प्रदेश, आताचे छत्तीसगड) १९७५ च्या सुमारास पोटात पाणी होऊन व यकृत बिघडून अनेक आदिवासी दगावले. शोध घेता असे आढळले की, तेथील लोक खात असलेल्या गोंदली या बारीक धान्यात खुळखुळ्याचे बी मिसळले होते. गोंदली म्हणजे आपली वरीच होय. या बियांतील विष यकृतातील सूक्ष्म रक्तवाहिन्या बंद करते आणि भाकरी भाजल्याने किंवा धान्य शिजविल्याने ते नाहीसे होत नाही. जनावरांनाही ते तितकेच बाधते.

ओळखीचा आरंभ आपल्या परिचयाच्या तागापासून करावा. तागही याच कुळातील, परंतु लागवडीचा. तो सरळ, पुरुषभर वा त्याहून उंच वाढतो. पान एकटे, अरुंद व लांबट. शेंग मखमलीसारखी लवदार. आता घागरी पाहा. तिचेही पान एकटेच असते व फूलही मोठे पिवळे असते, म्हणून तागाच्या बीजक्षेत्रात ती सहज खपून जाते. मात्र घागरी क्वचितच कमरेच्या वर जाते. पानाचे टोक बोथट असून पुष्कळदा त्यास मधोमध खाच असते, पाकळीवर तांबूस-जांभळ्या रेषा असतात आणि शेंग लवरहित असून पिकल्यावर काळी पडते. शंका असेल तेथे शेंगेवरून बोट फिरवावे. लव लागली तर ताग, गुळगुळीत लागली तर घागरी. समुद्रकाठची रेताड जमीन व रस्त्याकडेची पडीक जागा तिला विशेष मानवते.

निळसर-जांभळ्या फुलांची जात ओळखण्यास कोणासही अडचण पडू नये. तिचे खोड चौधारी असते, पान रुंद असते आणि पानाच्या देठाशी अर्धचंद्राकार उपपर्णे असतात. ओलसर जागी ती अधिक दिसते.

ज्यांच्या देठावर तीन-तीन पर्णिका असतात, अशा दोन जाती नेहमी आढळतात. एक उंच, नदीकाठी व रस्त्याच्या कडेस येणारी; हिच्या लांब तुऱ्यावर नळीसारख्या शेंगा खाली लोंबतात व एकेका शेंगेत तीस-चाळीस बिया असतात. दुसरी कोरड्या, रेताड माळावर पसरणारी, अगदी लहान पानांची. हिची शेंग मटाराच्या दाण्याएवढीही नसते व तीत बहुधा दोनच बिया असतात.

सर्वांत अधिक सावध राहावे ते एका ठेंगण्या जातीपासून. सरगुजाच्या प्रकरणात हिचेच बी सापडले होते. ती गवतात दडून राहते. पाने साधी व केसाळ, फुले बारीक पिवळी आणि शेंग सेंटीमीटरभर लांब. मोठा खुळखुळा दुरून दिसतो व उपटला जातो. ही मात्र वरी-नाचणीच्या खाचरांत उभ्या पिकात लक्षातच येत नाही आणि विळ्याखाली पिकाबरोबर कापली जाऊन खळ्यावर येते. जेथे पीक जमिनीलगत कापण्याची चाल आहे, तेथे हा धोका अधिक समजावा. नुसती कणसे खुडली तर तो बराच टळतो.

खळ्यावरील तपासणी साधी आहे. मूठभर धान्य पांढऱ्या ताटलीत पसरून उजेडात पाहावे. वरीचा दाणा लांबटगोल व टरफलात बंद असतो. खुळखुळ्याचे बी मूत्रपिंडाप्रमाणे एका बाजूस वाकलेले, गुळगुळीत व चकचकीत दिसते. असे बी आढळल्यास ते धान्य खाण्यास वापरू नये, जनावरांना अगर कोंबड्यांनाही घालू नये. वाड्यावस्तीत एकाच सुमारास दोघा-तिघांची पोटे फुगू लागल्याचे कळल्यास ग्रामसेवकाने प्राथमिक आरोग्य केंद्रास त्वरित वर्दी द्यावी व घरातील धान्याचा नमुना राखून ठेवावा.

रानटी खुळखुळा फुलावर असतानाच, शेंगा भरण्यापूर्वी, मुळासकट उपटावा. शेंगा पिकल्या असतील तर झाडे पोत्यात भरूनच शेताबाहेर न्यावीत व जाळावीत. ती शेणखताच्या खड्ड्यात टाकू नयेत. कठीण कवचाचे हे बी तेथे जगून पुन्हा खताबरोबर शेतात येते.