घरबसल्या हिशोब लिहायचा व्यवसाय : परवानगी कशाला लागते, कशाला नाही



गटाची दप्तरं नीट लिहिणाऱ्या तुमच्यातल्या बऱ्याच जणींना गावातला किराणावाला, दूध संकलन केंद्राचा मालक नाहीतर कृषी सेवा केंद्रवाला विचारतो, "आमचंही जरा लिहून देता का? महिन्याला काहीतरी देऊ." आणि लगेच मनात येतं, आपण बारावी, बी.कॉम. नाही, लायसन नाही, उद्या कोणी धरलं तर? मासिक बैठकीत हा प्रश्न इतक्या वेळा येतो की एकदा लिहूनच देते.

पहिलं उत्तर सरळ आहे. दुसऱ्याचे हिशोब लिहून देण्यासाठी आपल्या देशात कोणतीही पदवी सक्तीची नाही आणि त्यासाठी वेगळं लायसनही नाही. दहावी झालेली ताईसुद्धा कीर्द-खतावणी लिहून पैसे घेऊ शकते. कायदा आडवा येतो तो सही करताना.

हिशोब तपासून "हे बरोबर आहेत" असा ऑडिटचा दाखला देणं हे फक्त सीएचं, म्हणजे सनदी लेखापालाचं काम. 1949 च्या सनदी लेखापाल कायद्याने ते ठरवून दिलंय. सीए नसताना तसं सांगणं किंवा पाटी लावणं हा गुन्हा आहे. दुकानदाराला बँकेचं कर्ज हवं असलं की तो म्हणेल, "ताई, ताळेबंद तुम्हीच केलाय ना, मग खाली सही-शिक्का मारा." तिथे नाही म्हणायचं. आकडे तयार करून द्या, प्रमाणपत्र सीएकडून घ्यायला सांगा. नात्यातला माणूस असला तरी हेच.

जीएसटीचंही तसंच. बिलं लावून खरेदी-विक्रीची यादी करून देणं चालतं. पण दुसऱ्याच्या वतीने विवरणपत्र भरायचा अधिकृत धंदा करायचा तर 'जीएसटी प्रॅक्टिशनर' म्हणून नाव नोंदवावं लागतं. त्याला वाणिज्य, कायदा, व्यवसाय व्यवस्थापन अशातली पदवी लागते आणि परीक्षाही असते. ज्यांची मुलगी किंवा सून बी.कॉम. करतेय त्यांनी हे लक्षात ठेवा, घरात जोडी चांगली जमेल.

आता नोंदणी. घाबरण्यासारखं यात काही नाही, पण पैसे उकळणारे इथेच भेटतात.

उद्यम नोंदणी जुलै 2020 पासून सुरू आहे. ती पूर्ण मोफत आहे. सरकारी संकेतस्थळावर आधार आणि पॅन घालून होते, प्रमाणपत्र कायमचं असतं, दरवर्षी नूतनीकरण नाही. कोणी "उद्यमची सरकारी फी" म्हणून पैसे मागितले तर ती फी सरकारची नाही. सेवा केंद्रवाल्याने फॉर्म भरायची मजुरी घेतली तर ती मजुरी म्हणूनच द्या. व्यवसायाचा प्रकार विचारतात तिथे एनआयसीचा 6920 हा गट निवडायचा, लेखांकन आणि हिशोबनीस त्यात येतात. हे प्रमाणपत्र कर्जाला उपयोगी पडतं. लॅपटॉपसाठी मुद्रा योजनेच्या 'शिशु' प्रकारात 50 हजारांपर्यंत कर्ज मागता येतं.

दुसरं, ज्याला आपण शॉप ॲक्ट म्हणतो ते. महाराष्ट्रात 2017 चा नवा कायदा आल्यापासून लहान व्यवसायाला परवाना काढावा लागत नाही, ऑनलाइन सूचना द्यायची आणि पोचपावती घ्यायची. धंद्याच्या नावाने चालू खातं उघडताना बँक हीच पावती मागते.

जीएसटी नोंदणी? सेवा देणाऱ्याला वर्षाला 20 लाखांच्या उलाढालीपर्यंत गरज नाही. समजा दहा दुकानदारांनी महिन्याला 500 रुपये दिले, तरी वर्षाचे 60 हजार होतात. त्यामुळे ती काळजी आज सोडून द्या.

खरी अडचण कुठे येते ते सांगू? नावात. पॅनवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि पासबुकावर तिसरंच काहीतरी. मग अर्ज अडकतो. आणि आधारला नंबर जोडलेला असतो मालकांचा, ते गेलेले असतात ऊसतोडीला किंवा पुण्याला, ओटीपी तिकडे वाजतो! म्हणून सगळ्यात आधी आधारला स्वतःचा मोबाईल नंबर जोडा आणि तिन्ही कागदांवर नाव एकसारखं करून घ्या. पॅन मुळीच नसेल तर आधारवरून ई-पॅन आयकर विभागाच्या संकेतस्थळावर मोफत निघतं. खातं मात्र स्वतःच्या एकटीच्या नावाचं हवं. कमाई तुमची आहे.

कायद्याने शिक्षण लागत नाही, पण कामाला लागतं. गटाची रोकडवही येते म्हणजे दुकानाची आपोआप येईल असं नाही. हे सोडवून बघा : सकाळी गल्ल्यात 1,300 रुपये. दिवसभरात रोख विक्री 4,200, उधार विक्री 850, जुन्या उधारीचे आले 300. वीजबिल भरलं 900. मालकाने मुलाच्या फीसाठी गल्ल्यातून घेतले 500. रात्री गल्ल्यात किती हवेत?

उत्तर 4,400. ज्यांचं 5,250 आलं त्यांनी उधार विक्री रोकडीत धरली. ती विक्री आहे, पण पैसा अजून आलेला नाही, म्हणून ती गिऱ्हाइकाच्या खात्यावर नावे पडते. आणि ते 500 खर्चात टाकायचे नाहीत, ती मालकाची उचल आहे. खर्चात टाकले की नफा खोटा कमी दिसतो. दुकानदार हट्ट करतील, "टाका हो खर्चात." टाकू नका.

पुढे टॅली शिकायचं असेल तर जिल्ह्याच्या आरसेटीत चौकशी करा. तिथलं प्रशिक्षण मोफत असतं, राहण्या-जेवणासह, आणि बऱ्याच ठिकाणी संगणकावरच्या हिशोबाचा वर्ग होतो. एमएस-सीआयटी वेगळं आहे, त्याने संगणक येतो, लेखांकन नाही.

काम घेताना एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या : कोणत्या वह्या लिहायच्या, बिलं कोणत्या तारखेपर्यंत मिळणार, मूळ बिलं कधी परत करायची, मोबदला किती आणि कधी. दुकानदाराचे पासवर्ड, ओटीपी आपल्याकडे ठेवू नका, त्याने आग्रह केला तरी. आणि एकाचा गल्ला दुसऱ्याच्या ओट्यावर बोलायचा नाही. गावात हे काम विश्वासावरच मिळतं, जातंही त्याच कारणाने.

ज्यांना नोंदणी करायचीय त्यांनी प्रभागसंघाच्या पुढच्या बैठकीला आधार, पॅन, स्वतःच्या खात्याचं पासबुक आणि आधारला जोडलेला मोबाईल घेऊन या. मोबाईल चार्ज करून आणा. बैठकीनंतर बसून एकेकीचा अर्ज तिथेच भरू.