कोरा कागद

आमच्या मुक्ताईनगरजवळ, तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवांचं देऊळ आहे. शाळेची सहल बहुतेक तिथेच जायची आणि गुरुजी दर वेळी तीच गोष्ट सांगायचे. ज्ञानेश्वरांना पत्र लिहायचं तर मायना काय घालावा? वयाने लहान म्हणून आशीर्वाद, की ज्ञानाने मोठे म्हणून नमस्कार? चांगदेवांना ठरेना, म्हणून त्यांनी कोराच कागद धाडला. तो बघून मुक्ताबाई म्हणाली म्हणे, चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला.

ही गोष्ट मला पुन्हा आठवली ती २००४ साली, नाशिकला, खतांच्या एका कंपनीत. कृषी पदवीनंतरची माझी पहिली मुलाखत. पंचवीस मिनिटं झकास गेली. शेवटी मधले साहेब म्हणाले, "तुम्हाला काही विचारायचंय?" मी म्हणालो, "नाही सर." त्यांनी पेनाला टोपण लावलं. टक् असा आवाज झाला. मी घाईने उठलो, फायलीची चेन उघडी राहिलेली, सगळी प्रमाणपत्रं टेबलाखाली. ती गोळा करताना मला फक्त तीन जोडी बूट दिसत होते.

रेल्वेने भुसावळ, तिथून एसटीने घर. बाबा बागेत केळीची पिलं कापत होते. काय काय विचारलं ते मी हौसेने सांगितलं. कोयता न थांबवता ते म्हणाले, "मंग तू काय इचारलं त्यायले?" त्यांच्या हिशेबी हा साधा व्यवहार होता. बैलबाजारात घेणारा बैलाचे दात बघतो, पण जिवाभावाचा बैल विकणाराही विचारतो की बाबा, जमीन किती, चारा आहे का, औताला किती तास जुंपशील? जो काहीच विचारत नाही, त्याला बैल कसाही करून खपवायचा असतो.

ती नोकरी मिळाली नाही. पुढे सात मुलाखती दिल्या, दोन ठिकाणी निवड झाली. गेली नऊ वर्षं मी टेबलाच्या पलीकडे बसतो, केळीच्या भागात फिरणारी मुलं निवडतो. त्यातून जमलेले, मुलाखतीच्या शेवटाबद्दलचे हे बोल.

१. प्रश्न घरून न्यावा, पण तो कामाचा असावा. "कंपनीची पुढची दिशा काय?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की उत्तर देताना मला जांभई येते. त्याउलट रावेरकडचा एक मुलगा. त्याने विचारलं, "हरण्या दिसला तर झाड उपटून गाडा, असं शेतकऱ्याला जागेवर सांगायचा अधिकार मला असेल, की आधी वर फोन करावा लागेल?" आम्ही तिघं एकमेकांकडे बघायला लागलो. हरण्या म्हणजे कुकुंबर मोझॅक. विषाणूचा रोग, झाडाला झाला की औषध नाही. मावा तो पसरवतो, कोवळ्या बागेत तो जास्त नडतो, आणि फोनाफोनीत चार दिवस गेले तर शेजारची झाडंही जातात. हे सगळं त्या एका प्रश्नात होतं. खरं सांगायचं तर आमच्याकडे त्याचं उत्तरही तयार नव्हतं. पुढची दहा मिनिटं आम्हीच आपसात वाद घातला. करप्याच्या फवारणीवर तो अडखळला होता, तरी घेतला. करपा शिकवता येतो.

२. बिघडलेलं उत्तर उठण्याआधी दुरुस्त करता येतं. माझ्या तिसऱ्या मुलाखतीत मी मृगबाग आणि कांदेबागेचे महिने उलटे सांगितले. मुक्ताईनगरचा माणूस, जन्म केळीत गेलेला! शेवटी संधी मिळाली तेव्हा म्हणालो, "मघाशी उलटं बोललो. जून-जुलैची लागवड मृगबाग, सप्टेंबर-ऑक्टोबरची कांदेबाग. घरी हे झोपेत सांगेन, इथे तोंडातून भलतंच गेलं." साहेब हसले. ती माझी पहिली नोकरी. मात्र एकच उत्तर, एकाच दमात. एका उमेदवाराने शेवटी चार उत्तरं पुन्हा उकरली. तोवर आमच्या लक्षात न आलेल्या दोन चुका त्यातून आम्हाला कळल्या.

३. पगाराचा विषय निघाला की "तुम्ही द्याल ते" म्हणू नये. आपल्याकडे याला नम्रता समजतात. पलीकडून ते वेगळंच ऐकू येतं, की या माणसाने हिशेबच केलेला नाही. फिरतीच्या नोकरीत तर मूळ पगारापेक्षा पेट्रोलचा दर किलोमीटरला किती, मुक्काम पडला तर खर्च कोणाचा, हे आधी विचारावं. मी विचारलं नव्हतं. पहिलं वर्षभर माझ्या मोटारसायकलचं पेट्रोल बाबांच्या केळीवर चाललं.

४. काम हवंय, हे तोंडाने सांगावं. "मला हे काम आवडेल, निवड झाली तर पंधरा दिवसांत येईन." बस. आम्हा खानदेशी माणसांना इथे उगाच लाज वाटते.

५. हे सगळीकडे चालत नाही. लोकसेवा आयोगापुढे उलट प्रश्न विचारायची पाळी सहसा येत नाही. तिथे अध्यक्षांनी संपलं म्हटलं की संपलं. उठावं, नमस्कार करावा, निघावं. केंद्रीय नागरी सेवांच्या २०२५ गुणांत मुलाखतीचे २७५ असतात, ते जाता जाता टाकलेल्या एका वाक्याने वाढत नाहीत. केंद्राच्या गट क आणि अराजपत्रित गट ब पदांना तर २०१६ पासून मुलाखतच नाही. तेव्हा माझे हे बोल मुख्यतः खासगी नोकरीवाल्यांसाठी.

६. शेवटाचं वजन खरंच असतं का? डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली एक प्रयोग मांडला होता. लोकांना एकदा १४ अंशांच्या गार पाण्यात साठ सेकंद हात धरायला लावला. एकदा तेच साठ सेकंद आणि वर आणखी तीस, पण त्या तिसात पाणी हळूहळू अंशभर कोमट केलं. पुन्हा कोणतं करशील म्हटल्यावर बहुतेकांनी लांबलेलं निवडलं. त्रास जास्त, तरी आठवणीत शेवट राहिला. दिवसाला चौदा मुलाखती घेतल्यावर संध्याकाळी मलाही मुलं बहुधा उठतानाच्या रूपातच आठवतात. अर्थात पहिली वीस मिनिटं पाण्यात गेली असतील, तर अंशभर कोमटाने कोणी वाचत नाही. कामच न येणाऱ्याला शेवट कितीही गोड केला तरी मी घेतलेलं नाही.

७. फायलीची चेन शेवटच्या प्रश्नाआधी लावून घ्यावी. हसू नका.

८. बाहेर पडल्यावरही पाच मिनिटं मुलाखत चालू असते. आमचा शिपाई संध्याकाळी चहा देता देता कोण कसं बोललं ते सांगतो. आम्ही त्याला विचारत नाही, तो सांगतो. दुसऱ्या दिवशी आभाराचा एक छोटा संदेश पाठवावा. रोज "सर, काही कळलं का?" पाठवणाऱ्याचा नंबर मी एकदा बंद करून ठेवला होता, आणि निवड त्याचीच झाली होती. कळवायला दोन दिवस लागले.

गेल्या जूनमध्ये एक मुलगी आली होती. हुशार, पण बावरलेली. काही विचारायचंय का म्हटल्यावर खाली बघत राहिली. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. शेजारचे साहेब पुढच्याला बोलवायला घंटीकडे हात नेत होते, मी त्यांना थांबवलं. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "सर, फिरतीवर मुलीला एकटीने मोटारसायकलवर जावं लागेल, की गाडीत दुसरं कोणी असेल?"

"तुम्हाला काही विचारायचंय?" असं विचारल्यावर आता मी पेनाला टोपण लावत नाही.