भागाकाराचा सराव आणि भाषा

अंकगणिताच्या चार मूलक्रियांपैकी भागाकार विद्यार्थ्यांना सर्वांत अवघड वाटतो. 'असर' या शिक्षणविषयक पाहणीत २०२४ साली ग्रामीण भारतातील पाचवीच्या सुमारे ३१ टक्केच मुलांना तीन अंकी संख्येस एक अंकी संख्येने भागता आले. याचे कारण बहुधा अपुऱ्या सरावात शोधले जाते. परंतु सराव कशाचा करावयाचा, हा प्रश्न त्याआधीचा आहे. आणि दोन भाषांत गणित शिकणाऱ्या, दिल्लीतील मराठी मुलांच्या बाबतीत तो विशेष ठळक होतो.

ही मुले घरी 'सहा चोक चोवीस' ऐकतात आणि शाळेत 'छह चौके चौबीस' म्हणतात. येथे साम्य आहे. पण 'एकोणपन्नास' आणि 'उनचास' यांचे नाते मुलाला सहज उमगत नाही. संज्ञांचीही तीच गत आहे. मराठीत 'भागाकार' हे क्रियेचेही नाव आहे आणि तिच्या फळाचेही. हिंदीत क्रियेस 'भाग', फळास 'भागफल' आणि बाकीस 'शेषफल' म्हणतात. या जोड्या प्रथम स्पष्ट करून द्याव्यात.

यापुढील भेद अधिक महत्त्वाचा आहे. २४ पेढे सहा मुलांत वाटले, तर प्रत्येकास ४ पेढे मिळतात. तेच पेढे सहा-सहाच्या पुड्यांत बांधले, तर ४ पुडे होतात. मांडणी एकच, अर्थ मात्र दोन. 'सहांत' ही सप्तमी आणि 'सहा-सहा' ही द्विरुक्ती यांतून मराठी हा भेद सहज व्यक्त करते. म्हणून प्रत्येक उदाहरण सोडविण्यापूर्वी ते मुलाकडून वाक्यात वदवून घ्यावे.

इ. स. ११५० च्या सुमारास रचलेल्या 'लीलावती'त भास्कराचार्यांनी १३५ ला १२ ने गुणून १६२० ही संख्या काढली आणि पुढे भागाकारासाठी तीच संख्या घेतली. भाज्य व भाजक यांना प्रथम ३ ने भागून ५४० ÷ ४ असे सोपे रूप देण्याची युक्तीही तेथे आहे. गुणाकार व भागाकार यांचा सराव जोडीनेच व्हावा, हा त्यातील बोध होय.

६१८ ÷ ६ या उदाहरणात पुष्कळ मुले १०३ ऐवजी १३ लिहितात. सहा शतके सहांत वाटली की प्रत्येकी एक शतक येते. एका दशकाचे सहा वाटे होत नाहीत, म्हणून दशकस्थानी शून्य. ते दशक सुटे केले की अठरा एकक होतात व प्रत्येकी तीन येतात. असे बोलून केल्यास शून्य गळत नाही. शिवाय १३ × ६ = ७८ हा पडताळा चूक तत्काळ उघड करतो.

शेवटी बाकीचा विचार. ५० मुलांना राजघाटावर न्यावयाचे असून एका गाडीत सहा मुले बसतात. तर ९ गाड्या हव्यात. ५० रुपयांत सहा रुपयांच्या पेन्सिली मात्र ८ च येतात. दोन्हीकडे भागाकार ८ आणि बाकी २ आहे. उत्तर मात्र प्रसंगावरून ठरते. दहा कोरी उदाहरणे देण्यापेक्षा अशी चार उदाहरणे द्यावीत आणि प्रत्येकाचे उत्तर पूर्ण वाक्यात लिहावयास सांगावे. ज्या भाषेत मूल वाटणीचा विचार करते, त्या भाषेला गणिताच्या तासाबाहेर ठेवून केलेला सराव केवळ हाताचा राहतो.