अपूर्ण कार्याची ओढ : ब्लूमा झायगार्निक यांचे प्रेरणा व पुनर्वसनविषयक संशोधन

हाती घेतलेले काम मध्येच सुटले, तर ते मनातून सहसा सुटत नाही. अर्धवट वाचलेली कथा, न सुटलेले गणित किंवा उत्तराविना राहिलेला प्रश्न माणसाला पुनःपुन्हा आपल्याकडे ओढतो. या नित्याच्या अनुभवाला प्रयोगशाळेत आणण्याचे श्रेय ब्लूमा झायगार्निक यांना दिले जाते. मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत त्यांचे नाव बहुधा ‘झायगार्निक परिणाम’ या एका संज्ञेपुरते येते आणि विद्यार्थी ती संज्ञा पाठ करून पुढे जातात. वास्तविक हे संशोधन त्यांच्या कार्याचा केवळ आरंभ होता. त्यांची पुढील सुमारे पाच दशके मेंदूला इजा झालेल्या आणि मनोविकारग्रस्त व्यक्तींच्या अभ्यासात गेली. त्यांनी तरुणपणी हाताळलेला प्रश्नच तेथे अधिक गंभीर स्वरूपात त्यांच्यासमोर उभा राहिला.

बर्लिनमधील प्रयोग

झायगार्निक यांचा जन्म तत्कालीन रशियन साम्राज्यातील, आजच्या लिथुआनियातील प्रिएनाय या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. 1922 मध्ये त्या पतीसह बर्लिनला गेल्या आणि तेथील विद्यापीठात कुर्ट लेविन यांच्या विद्यार्थिनी झाल्या. लेविन यांच्या अभ्यासगटाची चर्चा अनेकदा उपाहारगृहात चाले. अनेकांच्या मागण्या न लिहिता लक्षात ठेवणारा तेथील वाढपी बिलाचे पैसे मिळताच तो सर्व तपशील विसरून जातो, असे लेविन यांच्या ध्यानात आले, अशी आख्यायिका आहे. ती वेगवेगळ्या रूपांत सांगितली जाते; त्यामुळे परीक्षेच्या उत्तरात तिला पुराव्याचे स्थान देऊ नये.

पुरावा आहे तो 1927 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात. झायगार्निक यांनी प्रयोगात सहभागी झालेल्या व्यक्तींना एकामागून एक अशी 18 ते 22 छोटी कामे दिली : मातीची आकृती घडवणे, मणी ओवणे, कोडे सोडवणे, गणित करणे इत्यादी. त्यांतील निम्मी कामे पूर्ण होऊ दिली. उरलेल्या निम्म्या कामांत, व्यक्ती रंगात आली असतानाच, व्यत्यय आणला. शेवटी ‘कोणकोणती कामे केली ते सांगा’ असे विचारले असता, अपूर्ण राहिलेली कामे पूर्ण झालेल्या कामांच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे सुमारे 1.9 पट प्रमाणात आठवली.

लेविन यांच्या सिद्धांतानुसार एखादे काम करण्याचा हेतू मनात निर्माण झाला, की तो गरजेसारखाच एक ताण उत्पन्न करतो आणि काम पूर्ण झाल्यावरच हा ताण विरतो. प्रेरणा ही बाहेरून दिलेल्या बक्षिसाची किंवा शिक्षेचीच बाब नसून कार्याशी जुळलेल्या नात्यातूनही ती जन्मते, असा याचा अर्थ होतो. कुतूहलाचे स्पष्टीकरणही याच दिशेने करता येते. जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी 1994 मध्ये मांडलेल्या ‘माहितीतील तफावती’च्या सिद्धांतानुसार, आपल्याला काय ठाऊक आहे आणि काय जाणून घ्यायचे आहे यांतील अंतर जाणवले की कुतूहल जागे होते. त्यांचा विषय स्मृती नव्हता. तथापि तफावत भरून काढण्याची ओढ ही कल्पना लेविन यांच्या ताणाच्या कल्पनेशी नाते सांगणारी आहे.

झायगार्निक यांचे खरे वैशिष्ट्य मात्र 1.9 या आकड्यात नाही. सर्वांमध्ये हा परिणाम सारखा दिसला नाही, आणि ही विषमता त्यांनी झाकली नाही. थकलेल्या व्यक्तींमध्ये तो क्षीण झाला. महत्त्वाकांक्षी व्यक्तींमध्ये तो अधिक ठळक दिसला. पुढे 1943 मध्ये सॉल रोझेनझ्वाइग यांनी दाखवून दिले, की काम ही आपल्या बुद्धिमत्तेची कसोटी आहे असे व्यक्तीस वाटले, तर उलट पूर्ण झालेली कामेच अधिक आठवतात. अपयशाची आठवण मनाला बोचत असल्यामुळे ती दूर सारली जाते, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. इतर अनेक संशोधकांना मूळ निष्कर्ष पुन्हा मिळाला नाही. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणातही अपूर्ण कामे अधिक लक्षात राहतात याला सर्वसाधारण आधार मिळाला नाही. मात्र झायगार्निक यांच्या सहाध्यायी मारिया ओव्सियांकिना यांनी 1928 मध्ये मांडलेला निष्कर्ष, म्हणजे संधी मिळताच माणूस अपूर्ण काम आपणहून पुन्हा हाती घेतो, या विश्लेषणात टिकून राहिला. थोडक्यात, स्मृतीविषयीचा दावा डळमळीत झाला. कार्याच्या ओढीचा दावा उभा आहे. परीक्षार्थींनी हा भेद उत्तरात अवश्य नोंदवावा.

उरलमधील रुग्णालय

1931 मध्ये झायगार्निक मॉस्कोत आल्या आणि तेथे लेव्ह विगोत्स्की यांच्या सहकारी झाल्या. 1934 मध्ये विगोत्स्कींचे निधन झाले. 1940 मध्ये झायगार्निक यांच्या पतीला अटक झाली. ते परत आले नाहीत. दोन लहान मुलांसह त्या एकट्या राहिल्या. पुढच्याच वर्षी सोव्हिएत संघावर जर्मनीचे आक्रमण झाले आणि त्यांना पूर्वेकडे हलवण्यात आले. उरल पर्वताच्या परिसरात, चेल्याबिन्स्क प्रांतातील किसेगाच येथे अलेक्झांडर लुरिया यांनी मेंदूला इजा झालेल्या सैनिकांसाठी पुनर्वसन रुग्णालय उभारले होते. झायगार्निक तेथे काम करू लागल्या.

कोणी बोलणे गमावलेले, कोणी वाचणे, कोणी दिशांचे भान. गमावलेल्या क्षमतांची मोजदाद करून सराव देणे हा पुनर्वसनाचा उघड मार्ग होता. पण मेंदूच्या ललाटखंडाला गंभीर इजा झालेल्या रुग्णांनी या मार्गाची मर्यादा दाखवून दिली. त्यांना सूचना समजत, ती शब्दशः सांगताही येत, हातपायही चालत. तरी काम पुढे सरकत नसे किंवा निरर्थकपणे चालूच राहत असे. लुरिया यांच्या लेखनात अशा एका रुग्णाचे उदाहरण येते. सुतारकामात त्याला लाकडाला रंधा मारण्यास सांगितले होते. लाकूड संपले, तरी तो थांबला नाही; खालचा बाकच तो रंधू लागला. कौशल्य शाबूत होते, हेतू मात्र उरला नव्हता. झायगार्निक यांच्या मते अशा रुग्णाच्या बाबतीत निर्णायक गोष्ट म्हणजे त्याची स्वतःच्या चुकीकडे पाहण्याची वृत्ती : चूक दाखवली असता तो खंतावतो, सुधारतो, की उदासीन राहतो? बर्लिनमधील निरोगी माणसाला छळणारा अपूर्णतेचा ताण येथे निर्माणच होत नव्हता.

याच्या नेमके उलट उदाहरणही त्याच रुग्णालयाने पाहिले. झासेत्स्की या तरुण अधिकाऱ्याला 1943 च्या मार्चमध्ये डोक्यात गोळी लागली. मेंदूच्या डाव्या बाजूच्या मागील भागास झालेल्या इजेमुळे त्याचे वाचन गेले. शब्दांचे अर्थ, स्वतःच्या शरीराचे आणि जागेचे भान विस्कटले. त्याचे ललाटखंड मात्र सुरक्षित होते. आपण काय गमावले हे त्याला पुरते कळत होते. अक्षर-अक्षर आठवण्याऐवजी हात न उचलता सलग लिहिले, तर आपल्याला लिहिता येते, असा शोध लागल्यावर त्याने आपली कहाणी लिहिण्यास घेतली. स्वतः लिहिलेले वाचणेही त्याला अतिशय कष्टाचे जात असे. तरीही सुमारे पंचवीस वर्षे तो लिहीत राहिला आणि लेखन तीन हजारांच्या आसपास पृष्ठांपर्यंत पोहोचले. लुरिया यांनी 1971 मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. क्षमतांची यादी मांडली असता सुतारकामातील रुग्ण झासेत्स्कीपेक्षा कितीतरी सुस्थितीत दिसेल. पुनर्वसनाच्या दृष्टीने पाहता चित्र उलटे आहे.

त्याच काळात उरल भागातीलच दुसऱ्या रुग्णालयात अलेक्सेई लेओन्त्येव आणि अलेक्झांडर झापोरोझेत्स हाताला जखम झालेल्या सैनिकांचा अभ्यास करत होते. ‘हात जमेल तितका वर उचला’ असे सांगितले असता हात एका मर्यादेवर थांबे. ‘त्या खुणेला स्पर्श करा’ म्हटले की तो अधिक वर जाई आणि एखादी वस्तू घ्यायला सांगितल्यास त्याहूनही वर. स्नायू तोच, जखम तीच. बदलला होता तो केवळ कार्याचा हेतू. व्यवसायोपचारात रुग्णाला नुसत्या व्यायामाऐवजी अर्थपूर्ण काम का दिले जाते, याचे याहून सुटसुटीत उदाहरण सापडणे कठीण.

युद्धानंतर आणि भारतातील संदर्भ

युद्धानंतर झायगार्निक यांनी मॉस्कोच्या मानसोपचार संस्थेत काम केले. विकृतिमानसशास्त्र या शाखेची सोव्हिएत संघात पायाभरणी करणाऱ्यांमध्ये त्यांची गणना होते. त्यांच्या तपासणीत केवळ गुणांकाला महत्त्व नव्हते. रुग्ण अडला की परीक्षक त्याला थोडी मदत करी आणि ती मदत तो कशी वापरतो याची नोंद घेतली जाई. प्रमाणित चाचणीत मदत हा दोष ठरतो. येथे तीच निदानाचे साधन होती. 1983 मध्ये त्यांना कुर्ट लेविन स्मृती पुरस्कार मिळाला. 1988 मध्ये मॉस्कोत त्यांचे निधन झाले.

भारतात दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, 2016 मध्ये पुनर्वसनाच्या व्याख्येत शारीरिक व बौद्धिक कार्यपातळीबरोबर मानसिक आणि सामाजिक कार्यपातळीचाही स्पष्ट उल्लेख आहे. मनोविकारामुळे येणाऱ्या दिव्यांगत्वाचे मूल्यमापन भारतीय मानसोपचार संघटनेने विकसित केलेल्या श्रेणीनुसार होते. त्यात स्वतःची काळजी, परस्परसंबंध, संवाद व आकलन आणि काम ही चार क्षेत्रे पाहिली जातात. लक्षणांच्या यादीऐवजी दैनंदिन व्यवहाराला महत्त्व देणारी ही पद्धत झायगार्निक यांच्या दृष्टिकोनाशी जुळणारी आहे. तरीही ‘काम’ या रकान्यात एकच गुणांक मिळालेल्या दोन व्यक्तींपैकी एकीला काम जमत नाही म्हणून ती थांबलेली असू शकते आणि दुसरीला ते करावेसेच वाटत नसेल. दोघींना लागणारे साहाय्य सर्वस्वी भिन्न असते. हा फरक आकड्यात उतरत नाही. त्यासाठी त्या व्यक्तीसमवेत बसून, तिला एखादे काम देऊन, ते मध्येच अडल्यावर ती काय करते हे पाहावे लागते.